भाऊजींनी सरळ केलेली भिंत

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, घरं विकणाऱ्या एका दलालाच्या दुकानात फोटो सरळ करायला आहेत. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा म्हणतो, बरं, पण काम काय करतात? मग मला पुन्हा सांगावं लागतं की हेच काम करतात, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा करतात, त्यावर त्यांचं घर चालतं, आणि ताईने हे सगळं माहीत असताना स्वखुशीने त्यांच्याशी लग्न केलं आहे.

ते पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ सरळ केलं. मग कॅलेंडर. मग चटई. मग करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे, हे तोवर मला जगात कुणीही सांगितलं नव्हतं. ताई मात्र त्या घड्याळावरच भाळली. असा नीटनेटका माणूस शोधून सापडायचा नाही, असं तिचं म्हणणं पडलं. मी त्याच दिवशी त्यांचं नाव गुण्या ठेवलं. कंपासपेटीत काटकोन काढायला असतो, तो गुण्या. आई माझ्यावर रागावली, होणाऱ्या जावयाला असं म्हणू नये म्हणाली, आणि दोन दिवसांनी शेजारणीशी बोलताना स्वतःच गुण्या म्हणून गेली.

आता त्यांच्या कामाचं सांगतो. दहा बाय दहाची खोली गिऱ्हाइकाला दिवाणखाना वाटावी म्हणून दलाल लोक कॅमेऱ्याला रुंद भिंग लावतात. त्या भिंगात खोली मोठी दिसते खरी, पण त्याचा स्वभाव वाईट. फोटोच्या कडेला आलेली प्रत्येक सरळ रेघ ते फुगवतं. दरवाजाला ढेरी येते, खिडकीला बाक येतो. आणि इमारत अख्खी मावावी म्हणून कॅमेऱ्याचं तोंड वर केलं, की दोन्ही बाजूंच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागच्या मागे उताणी पडतेय असं वाटतं. असं घर कोण विकत घेणार? म्हणून भाऊजी ते फोटो संगणकात घेतात, दरवाजांच्या ढेऱ्या आत ढकलतात आणि पडणाऱ्या इमारती उभ्या करतात. रोजच्या पंधरावीस.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून ते बघितलं. भिंगाचा फुगवटा काढणं सोपं, ते एका बटणावर होतं. उभं करणं मात्र माणसाच्या हातात असतं. फोटोतली एखादी कड निवडायची, तिच्यावर रेघ ओढायची आणि मशीनला सांगायचं, ही उभी आहे. मग मशीन ती कड उभी करतं आणि बाकीचं सगळं तिच्या बरोबर फिरवतं. मशीनला स्वतःला सरळ काय, वाकडं काय, काही कळत नाही. मी विचारलं, आपण रेघ चुकीच्या ठिकाणी ओढली तर? भाऊजींनी माझ्याकडे दयेने बघितलं. ते म्हणाले की रेघ नेहमी भिंतीवर ओढायची असते, आणि भिंत उभीच असते, त्यात चुकण्यासारखं काही नसतं.

त्यांची ही भक्ती घरच्यांच्याही वाट्याला आली आहे. मागे सगळं कुटुंब एकत्र जमलं होतं तेव्हा भाऊजींनी गच्चीवर सगळ्यांचा फोटो काढला. आत्या रांगेच्या टोकाला उभी होती. रुंद भिंग टोकाच्या माणसाला आडवं ताणतं, त्यामुळे आत्या फोटोत दोन दारांच्या कपाटाएवढी आली. ती खवळली. भाऊजींनी तिला बारीक करून बघितलं, तर मागचा गच्चीचा कठडा कमानीसारखा वाकला. दोघांपैकी एकच सरळ राहील असं मशीन म्हणत होतं. भाऊजी तीन दिवस विचारात होते. शेवटी त्यांनी कठडा सरळ ठेवला. आत्या सहा महिने त्यांच्याशी बोलत नव्हती, आणि मला विचाराल तर तिचं काही चुकलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मग आमच्या भिंतीचं प्रकरण उभं राहिलं.

आई आणि मी एका बैठ्या घरातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो. आमच्या मागच्या खोलीची भिंत गल्लीकडे आहे, आणि ती हळूहळू गल्लीच्या बाजूला कलायला लागली. छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये आधी नखभर फट दिसायची. मग तिच्यात बोट जायला लागलं. मग एका सकाळी मी वर बघितलं तर फटीतून आकाश दिसलं आणि त्यात एक कावळाही गेला. आईची खाट त्याच भिंतीला लागून. खाट पुढच्या खोलीत घेऊ म्हटलं तर आई ऐकेना. तिचं म्हणणं, खाट हलवली की मालक म्हणेल, बघा, अडचण मिटली. मालक अगदी तसंच म्हणाला असता, म्हणून खाट तिथेच राहिली.

पडक्या भिंतींचं बघणारं एक सरकारी कार्यालय आहे. तिथे अर्ज करायचा. साहेब एक आणि गावातल्या भिंती हजार, म्हणून त्यांनी पद्धत अशी ठेवली आहे की अर्जाबरोबर एक फोटो लावायचा. फोटोत धोका दिसला तर साहेब स्वतः येऊन बघणार आणि मालकाला नोटीस काढणार, मग मालकाला टेकू लावून भिंत बांधून द्यावीच लागते. फोटोत धोका दिसला नाही तर अर्ज निकाली, आणि दोन वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही. भिंत दोन वर्षं थांबेल असं तिच्याकडे बघून वाटत नव्हतं.

फोटो कुणी काढायचा हा प्रश्नच नव्हता. आईने अभिमानाने भाऊजींना निरोप धाडला. भाऊजी कॅमेरा आणि तिकाटणं घेऊन आले, गल्लीत मागे मागे जात समोरच्या गटारात एक पाय घालून आले, आणि भिंतीची कड बाजूने नीट दिसेल अशी जागा त्यांनी धरली. आईने चांगले कपडे घातले होते. या घरात माणसं राहतात हे साहेबांना कळायला नको का, असं म्हणून ती भिंतीशेजारी जाऊन उभी राहिली. मलाही सायकल घेऊन उभं केलं. भाऊजी प्रकाशाची वाट बघत होते. चांगली दहा मिनिटं आई तशीच ताठ उभी होती, पापणी हलली तर हलली. मग फोटो निघाला, भाऊजी तो घेऊन गेले, आणि दोन दिवसांनी मोठ्या आकारात छापून, लिफाफ्यात घालून, स्वतः जाऊन कार्यालयात देऊन आले. आम्ही कुणी तो बघितला नाही. बघायचं काय होतं त्यात, भिंत तर रोजच बघत होतो.

साहेब फोटो बघणार त्या सुनावणीला आम्ही चौघं होतो. आई, मी, नवा शर्ट घातलेले भाऊजी, आणि मालक. ताईला सुट्टी मिळाली नाही, नाहीतर बरंच काही टळलं असतं. साहेबांनी चष्मा लावला, लिफाफ्यातून फोटो काढला, जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाले की भिंत तर उत्तम दिसते आहे.

मी उठून बघितलं. भिंत खरोखर उत्तम होती. वरपासून खालपर्यंत पट्टीने आखावी अशी. तिच्या शेजारी आई उजवीकडे कलली होती. तिच्या शेजारी मी सायकलसकट उजवीकडे कललो होतो. गल्लीतला दिव्याचा खांबही उजवीकडे कलला होता, आणि खांबाखाली बसलेलं कुत्रं उतारावरून घसरायच्या बेतात होतं. इतका मोठा अपघात आणि मधोमध ती भिंत निश्चिंत उभी.

साहेबांनी सहानुभूतीने विचारलं की बाईंना चक्कर वगैरे येते का. शेजारच्या टेबलावरच्या कारकून बाई वाकून बघत म्हणाल्या की मुलाचंही तसंच दिसतंय, घराण्यात असेल. मालकाने लगेच मान हलवली. तो म्हणाला की दोघंही पहिल्यापासून तशीच आहेत, खांबाचं मात्र आपल्याला माहीत नाही.

मी भाऊजींकडे बघितलं. ते फोटोकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. घरी गेल्यावर त्यांनी हाताच्या सवयीने भिंतीच्या कडेवर रेघ ओढली होती, मशीनला ही उभी आहे म्हणून सांगितलं होतं, आणि कामगिरी फत्ते झाली म्हणून झोपले होते. आम्ही दोघं कललो आहोत हे त्यांना दिसलं नव्हतं असं नाही. त्यांना वाटलं होतं, माणसं कशीही उभी राहतात.

ते उठले आणि म्हणाले, "साहेब, ती भिंत मी सरळ केली."

साहेबांनी त्यांना नीट निरखलं आणि म्हणाले की कारागीर चांगले आहात. मालक तर खुर्चीतून उठलाच. दुरुस्ती झालेलीच असेल तर हा खटाटोप कशाला, असं त्याने विचारलं. भाऊजींना घाम फुटला. फोटोत सरळ केली, खरी नाही, हे समजावून सांगताना त्यांनी भिंग, फुगवटा, कड आणि रेघ असं सगळं सांगितलं, आणि जितकं जास्त सांगितलं तितकं ते आणखी गुन्हेगार वाटायला लागले. शेवटी साहेबांच्या डोक्यात एवढंच राहिलं की अर्जदाराच्या जावयाने सरकारी कामाच्या फोटोत ढवळाढवळ केली आहे. मालकाने बरोबर तिथेच बोट ठेवलं. जो माणूस वाकडी भिंत सरळ करतो तो उद्या सरळ भिंत वाकडीही करेल, असं तो म्हणाला, आणि वाईट याचं वाटलं की मलाही ते पटलं.

भाऊजींनी कॅमेऱ्यातला मूळ फोटो दाखवला. पण तो कॅमेऱ्याचं तोंड वर करून काढलेला, आणि भिंगाचा फुगवटा जसाच्या तसा. त्यात भिंत पडत होती, आई पडत होती, खांब पडत होता, समोरच्या घरांची रांग मागे कोसळत होती. साहेब म्हणाले की यात तर अख्खं गाव पडतंय, नोटीस कुणाकुणाला काढू. आणि त्यांनी 'निकाली' लिहायला पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा आई उठली. ती टेबलाशी गेली, साहेबांच्या समोरचा छापील फोटो तिने दोन बोटांनी धरला आणि हळूहळू फिरवायला लागली. फोटोतली आई ताठ उभी राहीपर्यंत तिने तो फिरवला, मग हात काढून घेतला. "मी अशी उभी होते," ती म्हणाली.

साहेब वाकले. कारकून बाई वाकल्या. दारातला शिपाईसुद्धा मान तिरकी करून बघायला लागला. आई उभी होती, मी बऱ्यापैकी उभा होतो, खांब उभा होता, कुत्रं निवांत बसलं होतं. आणि भिंत गल्लीत उतरायला निघाली होती.

साहेबांनी टोपण पुन्हा लावलं. पण पद्धत म्हणजे पद्धत. फायलीत तिरका ठेवून बघायचा फोटो चालत नाही, असं ते म्हणाले. चार वाजेपर्यंत दुसरा आणा, मान तिरकी न करता दिसेल असा. चारनंतर अर्ज निकाली.

आम्ही रिक्षा करून भाऊजींच्या दुकानात गेलो. दलाल जेवायला गेला होता ते बरंच झालं. भाऊजींनी मूळ फोटो उघडला, फुगवटा काढला, आणि रेघ ओढायची वेळ आल्यावर त्यांचा हात सरळ भिंतीकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा तिकडेच गेला. तिसऱ्या वेळी मी त्यांना काहीतरी जहरी बोलणार होतो, चांगलं तयार करून ठेवलं होतं, पण आई गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून माझ्या आधी बोलली.

इथे सांगायला हवं की आई जावयाला कधी थेट काही बोलत नाही. भाऊजींना ऐकवायचं असलं की ती ते मला ऐकवते. आठ वर्षं मी त्यांच्या वाटणीची बोलणी खातो आहे. त्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"जावईबापू," ती म्हणाली, "भिंत आणि मी शेजारी शेजारी उभ्या होतो. तुम्ही भिंतीवर विश्वास ठेवलात."

भाऊजींचे कान लाल झाले. "सवयीने झालं, आई," ते म्हणाले.

"ठाऊक आहे मला. आता माझ्यावरून रेघ ओढा."

भाऊजी अडखळले. माणूस हलतं, माणसावरून कुणी रेघ ओढत नाही, असं ते हळूच म्हणाले.

"मी हलले नव्हते," आई म्हणाली.

त्यांनी आईच्या भांगापासून टाचेपर्यंत रेघ ओढली. ओढताना त्यांनी दुसऱ्या हाताने पडद्यावरची भिंत झाकून घेतली, हे मी बघितलं, आणि तयार करून ठेवलेलं जहरी वाक्य मी गिळून टाकलं. त्यांनी बटण दाबलं. फोटो एकदा फिरला, खांब उभा राहिला, समोरची घरं उभी राहिली, आणि आमची भिंत एखाद्या कंटाळलेल्या माणसासारखी गल्लीकडे वाकली. आयुष्यात पहिल्यांदा वाकडी भिंत स्वतःच्या हाताने छापायची वेळ भाऊजींवर आली होती. छपाईचं यंत्र चालू असताना ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्यांची कीव आली आणि मायाही वाटली, आणि गुण्या हे नाव ठेवल्याचं थोडं वाईट वाटलं. थोडंच.

चारला दहा मिनिटं असताना फोटो साहेबांच्या टेबलावर गेला. त्यांनी मान सरळ ठेवून तो बघितला आणि उद्या येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. शिपायाने छपरावर चढून ओळंबा सोडला. दोरी खाली आली ती भिंतीच्या पायापासून वीतभर आणि आणखी दोन बोटं दूर. साहेबांनी पुन्हा मोजलं. मग त्यांनी मालकाला तिथल्या तिथे नोटीस लिहून दिली, आणि मालकाने ती अशी धरली की जणू भिंत त्याच्या हातावर ठेवली आहे. संध्याकाळपर्यंत लाकडी टेकू लागले पाहिजेत, असं साहेबांनी सांगितलं, आणि तोपर्यंत आत कुणी झोपायचं नाही. भाऊजी आईची खाट उचलायला आत गेले.

साहेब हात पुसत आईजवळ आले आणि भिंत कलतेय हे तिला कधीपासून माहीत होतं म्हणून त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, दोन वर्षं. भाजी चिरायला बसलं की कांदा आपोआप त्या भिंतीकडे जातो. आधी हळू जायचा, आता धावत जातो.

"मग हे अर्जात का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही," आई म्हणाली.

साहेबांना ते पटलं नाही. अर्जात विचारलेलं असतं, असं म्हणून त्यांनी काखेतली फाईल उघडली आणि पान उलटून माझ्या समोर धरली. सगळ्यात खाली एक मोठा चौकोन होता आणि वर छापलं होतं, घरात राहणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे. त्या चौकोनात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारलेली होती, चांगली सरळ. अर्ज मी भरला होता.